बाणंतिणीचा अर्धा तास

एका शब्दानं घात केला. तो शब्द सिद्धेश्वरीच्या तोंडून निघाला नसता, तर त्या दिवशी जुळे सोलापुरातल्या त्या घरात पाळणा वेळेवर हलला असता, घुगऱ्या वाटल्या गेल्या असत्या आणि अक्कलकोटची मंडळी पोटभर गव्हाची गोड हुग्गी खाऊन हसतमुखानं परतली असती. पण विहीणबाईंनी विचारलं, "हे काय चाललंय गं?" आणि अर्ध्या गुंगीतून उठलेल्या पोरीनं सरळ खरं उत्तर दिलं.

"शवासन."

पाळण्याच्या दिवशी, बाळंतिणीच्या खोलीत, तान्ह्या लेकराच्या घरात शव! दानम्माबाईंनी तोंडावर पदर घेतला तो घेतलाच. मागून आलेल्या जगदेवीच्या हातात घुगऱ्यांचा झारा तसाच होता. आपल्या लेकीनं कुणाचा खून केला असता तरी विहीणबाईंचा चेहरा याहून वेगळा झाला नसता, असं तिला वाटलं.

खरं तर मंडळी यायची होती चारला. ती दोनलाच आली. जगदेवीनं गूळ-पाणी दिलं, चहा टाकला आणि सांगितलं, सिद्धू जरा पडलीय, उठेल इतक्यात. यात न समजण्यासारखं काय होतं? पण सुनेच्या खोलीत शिरायला सासूला परवानगी लागते हे दानम्माबाईंना कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायची कुणाची छाती नव्हती. नातीचं तोंड तेवढं बघते म्हणत त्यांनी दार ढकललं. आत पडदे ओढलेले. पलंग रिकामा. खाली फरशीवर चादर अंथरून सिद्धेश्वरी उताणी पडलेली, पाय सैल, हात अंगापासून लांब, तळवे वर, डोळे मिटलेले. आणि लेकरू जवळपास कुठंच नाही.

लेकरू मागच्या खोलीत होतं. बसम्माच्या मांडीवर.

हे कळलं तेव्हा मात्र दानम्माबाईंचा आवाज गल्लीत गेला.

बसम्मा म्हणजे जगदेवीच्या नवऱ्याची, ईश्वरप्पाची थोरली बहीण, तिची वन्सं. मागच्या खोलीत राहणारी, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी बाई. दिवसभर वाती वळायच्या, धान्य निवडायचं, दुखलं-खुपलं तर सांगायचं नाही. या घरात लाड करायचे आणि दटावायचं कानडीतून, बाकीचा सगळा संसार मराठीतून, अशी जुनी रीत होती. बसम्माच्या वाट्याला कानडीतला एकच शब्द आला होता. सुम्निर. गप राहा. बापानं म्हटला, भावानं म्हटला, पुढं पुढं पोराटोरांनीही म्हटला. तिनं तो ऐकला आणि ती गप राहिली. गावात आणि भावकीत तिचं नाव येडी बसम्मा असं पडलं होतं, आणि एवढ्या वर्षांत तिनं येड्यासारखं नेमकं काय केलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

जगदेवीनं सगळ्यांना बैठकीत आणून बसवलं. कोपऱ्यात झेंडूच्या माळा गुंडाळलेला पाळणा लटकत होता. त्याच्याखाली दानम्माबाई बसल्या, शेजारी त्यांचा लेक गुरुशांत. जावई अक्कलकोटच्या कॉलेजात शिकवायचा, वर्गात म्हणे मुलं त्याला घाबरायची. आईसमोर बसला की त्याची मान फोनमध्ये जायची, तशी आत्ताही गेली. ईश्वरप्पा मार्केट यार्डातली आडत लवकर बंद करून आलेला, कपाळावर ताजी विभूती. तो उभाच होता. सोयरे रागावले की त्याला बसताच यायचं नाही.

जगदेवीनं होईल तेवढ्या शांतपणे समजावून सांगितलं. बाळंत झाल्यापासून पोरीला झोप नव्हती. लेकरू झोपलं तरी ही टक्क जागी. छाती धडधडायची, हात कापायचे, लेकरू आपल्या हातून पडेल म्हणून त्याला उचलायला घाबरायची आणि न उचलल्याबद्दल रडायची. मग तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे पुष्कळ जणींना होतं, यात हिचा दोष नाही. झोप, खाणं आणि रोज दोनदा अर्धा तास हिचा एकटीचा. त्या वेळात लेकरू दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचं. हिनं दार लावून आडवं व्हायचं, पायाच्या बोटांपासून एकेक अंग आवळायचं आणि सैल सोडायचं, पिंढऱ्या, मांड्या, खांदे, दातखीळ बसलेला जबडा. श्वास असा सोडायचा की जणू वाटीतलं गरम दूध फुंकून निववतोय. एवढ्यानं उतार पडला नाही तर औषध देऊ, पण मला येऊन सांगायचं, लपवायचं नाही. आणि उतार पडत होता. परवा पोरगी सलग झोपली. काल लेकराला तेल लावताना गुणगुणत होती. जगदेवीनं ते स्वयंपाकघरातून ऐकलं आणि तिला भाकरी थापता थापता रडू आलं होतं.

हे शेवटचं तिनं सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता. दानम्माबाई ऐकत नव्हत्या, त्या आपली पाळी यायची वाट बघत होत्या.

"एकच विचारते," त्या म्हणाल्या. "पोरीला हे आधीपासून हाय का? लग्नात आमच्यापासून लपवलं का तुमी? कारण तुमच्या घराण्यात हे हायच की." आणि त्यांनी मागच्या खोलीकडं बघितलं.

ईश्वरप्पानं हात जोडले. पोर लहान आहे, तिचं चुकलं, आजच्या दिवशी तिनं असा शब्द काढायला नको होता, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असं तो म्हणत गेला. जगदेवी त्याच्याकडं बघतच राहिली. काय चुकलं? श्वास घेतला ते चुकलं?

"आपल्यात बाणंतिणीचा विटाळ न्हाई म्हणून तुमी बसवजयंतीला माईकवर सांगता, विहीणबाई," ती म्हणाली. "बाळंत झालेली बाई हातावर इष्टलिंग घेऊन पूजा करू शकती, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलंय. पूजेला डोळे मिटून गप बसलेलं चालतं, आणि जीव थाऱ्यावर आणायला डोळे मिटून पडलेलं चालत न्हाई, असं कसं?"

महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई असलेल्या दानम्माबाई जास्तच भडकल्या. शब्दाला शब्द लावू नका, म्हणाल्या. आमच्या वेळी असली थेरं नव्हती. चौथ्या दिवशी चुलीपुढं बसलो, आम्ही काय मेलो? शेवटी त्यांनी मनातलं बाहेर काढलं. पाळणा करून टाकायचा आणि आजच नातीला घेऊन अक्कलकोटला जायचं. वरचं दूध देऊ. घरात दोन जावा आहेत सांभाळायला. सुनेला बरं वाटलं की तिनं यावं.

"कायमचं थोडंच नेतोय," त्या म्हणाल्या. "दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न हाय."

जगदेवी उठून स्वयंपाकघरात गेली. तिथं जाऊन तिनं घुगऱ्यांत मीठ टाकलं, मग मघाशीही टाकलं होतं हे आठवून पातेलं धाडकन ओट्यावर आपटलं. ईश्वरप्पा मागोमाग आला आणि हळू आवाजात बोलू लागला. सोयरीक आहे. पोरीचा संसार आहे. आत्ता ताणलं तर तुटेल. चार बायका येतील, हे सगळं बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील. लेकरू आजीकडंच चाललंय, परक्याकडं नाही. दोन-चार महिने काय, बघता बघता...

"तुमच्या बहिणीच्या वेळी किती होते?" जगदेवीनं विचारलं.

त्यानं आधी दाराकडं बघितलं, बाहेर ऐकू गेलं का म्हणून.

"मी त्या वेळी या घरात नव्हते. पण तुमी होता. वन्संना बाळंतपणानंतर झोप येत नव्हती, रडायच्या, लेकराला उचलायला घाबरायच्या. खरं का खोटं? सासरची आली आणि दोन-चार महिन्यांसाठी म्हणून पोरगं घेऊन गेली. मामंजी म्हणाले सुम्निर. आन् तुमी एस्टी स्टँडपर्यंत त्या लोकांची पिशवी धरून गेलात."

"मी लहान होतो, जगदेवी."

"आता न्हाई ना लहान."

ईश्वरप्पानं ओट्याला हात टेकला. त्या लोकांनी पुढं दुसरी बायको केली आणि बसम्माला परत नेलंच नाही, हे सांगायची गरज नव्हती. पोरगं मोठं झालं. त्याच्या लग्नाची पत्रिका आली ती ईश्वरप्पाच्या नावानं, सहकुटुंब सहपरिवार. ईश्वरप्पा जाऊन अक्षता टाकून, जेवून आला. बसम्मानं त्या दिवशी गहू निवडले. लग्न कसं झालं म्हणून तिनं विचारलं नाही, आणि या शहाण्या माणसांच्या घरात तिला कुणी सांगितलंही नाही. जगदेवीला तेव्हा राग आला होता, पण तो तिनं सून म्हणून गिळला होता. आज तो आजच्या रागाला येऊन मिळाला.

गेल्या महिन्यात दवाखान्यातून आल्यावर लेकरू अर्धा तास कुणी सांभाळायचं हा प्रश्न निघाला, तेव्हा सिद्धेश्वरीनं आपणहून सांगितलं होतं, आत्याकडं दे. जगदेवी क्षणभर अडखळली होती. हो, तीही. एवढी वर्षं या घरात कुठलंही तान्हं बसम्माच्या हातात दिलं जात नसे. पण बसम्मानं हात धुतले, पदरानं कोरडे केले, भिंतीला पाठ लावून मांडी घातली आणि लेकरू असं घेतलं की जणू कालपर्यंत ते तिथंच होतं. त्यानंतर तिच्या मांडीवर ते कधी रडलं नाही.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दानम्माबाईंनी वाट बघणं सोडलं होतं. त्या सिद्धेश्वरीच्या खोलीत शिरल्या होत्या आणि कपाटातली अंगडी, कुंच्या, दुपटी पिशवीत भरत होत्या. गुरुशांत पिशवी उघडी धरून उभा होता. जगदेवी दारात आली आणि ती उघडी पिशवी बघून तिच्या अंगाची आग झाली. काळ बदलला, फोन आले, कॉलेजं झाली, पण पिशवी धरायला घरातला शिकलेला पुरुष अजून हजर होता.

सिद्धेश्वरी पलंगाच्या कडेला बसली होती. दोन्ही हात तिनं मांड्यांखाली दाबून धरले होते. रडत मात्र नव्हती.

"गुरू," ती नवऱ्याला म्हणाली, "डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा तू माझ्या शेजारी बसला होतास. तू मान डोलावलीस. मी बघितलं."

गुरुशांतनं पिशवीत बघितलं.

"आईंना सांग की. एवढंच सांग की मी वेडी नाही. बाकी काही मागत नाही मी."

तो काहीतरी बोलेल म्हणून खोलीतल्या तिन्ही बायका थांबल्या. आईसुद्धा थांबली. त्यानं पिशवीचा बंद सारखा केला. दानम्माबाईंनी शेवटचं दुपटं पिशवीत कोंबलं आणि नातीला आणायला मागच्या खोलीकडं वळल्या.

मागच्या खोलीपर्यंत जावं लागलं नाही. बसम्मा मधल्या बोळात आली होती. लेकराला छातीशी घेऊन ती सिद्धेश्वरीच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी आली, आत बघितलं, पिशवी बघितली. मग भिंतीचा आधार घेत सावकाश खाली बसली आणि दारात आडवी मांडी घालून लेकरू मांडीवर ठेवलं. आता खोलीतून बाहेर जायचं तर तिला ओलांडूनच जावं लागलं असतं.

"द्या हिकडं," दानम्माबाई म्हणाल्या. बसम्मा हलली नाही. दानम्माबाईंनी आवाज चढवला. आमचं लेकरू आहे, येड्यांच्या हातात द्यायला उकिरड्यावर सापडलेलं नाही, बाजूला व्हा, नाहीतर लोकांना बोलावते. एकेक वाक्य मोठं होत गेलं. लेकरू दचकलं, त्यानं मुठी आवळल्या.

बसम्मानं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि मान वर केली.

"सुम्निर्री," ती म्हणाली.

आयुष्यभर जो शब्द लोकांनी तिच्या अंगावर फेकला, तो तिनं विहीणबाईंना परत दिला, पण आदरार्थी करून दिला. गप राहावं आपण. जगदेवीला त्याही स्थितीत हे लक्षात आलं की बसम्मानं मर्यादा सोडली नव्हती.

"माझं नेलं तवा मी गप बसले," बसम्मा म्हणाली. ती मराठीत बोलत होती, सगळ्यांना कळावं म्हणून. आवाज न वापरल्यामुळं खरखरीत झालेला होता. "मला वाटलं, मला झोप लागंल, मग आणून देतील. झोप लागली मला. पुढल्याच महिन्यात लागली. मी चांगली झाले. सांगत हुते सगळ्यास्नी, मी चांगली झाले. कुणी आणून दिलं न्हाई." ती थांबली. "पोरगी तिच्या खोलीत अर्धा तास पडती. मला कुणी अर्धा तास दिला असता तर माझं पोरगं मला आई म्हणलं असतं."

मागं स्वयंपाकघराच्या दारात ईश्वरप्पा उभा होता. त्याचा चेहरा जगदेवीनं बघितला आणि नजर काढून घेतली. त्याच्यावर दया करायची तिची इच्छा नव्हती.

गुरुशांतनं पिशवी पलंगावर ठेवली. मग, बहुधा ठेवणं पुरेसं नाही असं त्यालाच वाटलं असावं, त्यानं एक दुपटं काढून कपाटात परत ठेवलं, मग दुसरं.

"अव्वा, मला माहीत होतं," तो आईला म्हणाला. "डॉक्टरबाईंनी माझ्यासमोर सांगितलं. आधीपासूनचं काही नाही. तुला सांगायला घाबरलो."

"मला घाबरलास?"

"हो."

दानम्माबाई पलंगावर बसल्या. सिद्धेश्वरी अंग चोरून बाजूला सरकली. पिशवीतलं वरचं दुपटं त्यांनी मांडीवर घेतलं. मग जगदेवीकडं वळून त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज भांडणाचाच होता, पण भांडण आता कुणाशी ते त्यांनाही नीट ठाऊक नसावं.

"आमाला कुणी दिलाता का अर्धा तास? मला तीन झाली. मलाबी छातीत धडधडायचं की. मी कुणाला सांगितलं?"

"न्हाई दिला," जगदेवी म्हणाली. "मलाबी न्हाई दिला. म्हणून काय हिलाबी द्यायचा न्हाई? आपल्याला न्हाई मिळालं ह्याचा राग यायचा तर ज्यांनी दिलं न्हाई त्यांचा यावा. तुमी आन् मी तो पोरींवर काढत बसलो."

यावर दानम्माबाई हो म्हणाल्या नाहीत. त्या हो म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्याच. पलंगाचा कठडा धरून उठल्या, उंबऱ्यापाशी आल्या आणि बसम्मासमोर थांबल्या. ओलांडून जाणं त्यांना शक्य नव्हतं. बसम्मानं मांडी मोडून गुडघे आत घेतले, त्यांच्यापुरती वाट केली. जाता जाता दानम्माबाईंनी खाली वाकून नातीचं तोंड बघितलं. हात लावला नाही.

इतक्यात दाराची घंटा वाजली. पाळण्याच्या बायका आल्या होत्या. खाली रिक्षा थांबल्याचा, जिन्यात हसल्याचा आवाज येत होता. जगदेवीचा हात सवयीनं पदराकडं गेला, कुंकवाचं ताट कुठं ठेवलंय ते आठवायला लागली. सिद्धेश्वरी घाईघाईनं केस बांधायला उठली.

"तू कुटं चाललीस?" बसम्मा तिला म्हणाली. "तुजा अर्धा तास मोडलाय. पड जा."

"आत्या, बायका आल्या."

"बसतील."

सिद्धेश्वरीनं आईकडं बघितलं. जगदेवीनं पुढं होऊन फरशीवरची चुरगळलेली चादर झटकली, पुन्हा सरळ अंथरली आणि पडदा ओढला. पोरगी आडवी झाली. पहिले काही श्वास अडखळत आले, मग एक लांब सुटला, वाटीतलं दूध निववल्यासारखा. गुरुशांतला बाहेर यायचं सुचलं नाही, तेव्हा जगदेवीनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. लेकराला घेऊन बसम्मा दाराला पाठ लावून बसली.

बाहेर ईश्वरप्पानं दार उघडलं होतं. बायकांचा घोळका आत आला, बाळंतविडे, फुलं, गोंगाट. पाळणा सजलाय पण बाळंतीण कुठं, लेकरू कुठं, सासरची आली का, सगळ्या एकदम विचारत होत्या. ज्याला सोयऱ्यांपुढं नीट बसताही येत नव्हतं तो ईश्वरप्पा दारातच उभा राहिला. आता हा सारवासारव करणार, पोरीचं डोकं दुखतंय म्हणणार, असं जगदेवीला वाटलं.

"बाणंतीण आराम करतीया," तो म्हणाला. "अर्धा तास लागंल. तवर बसा. पाळण्याला उशीर झाला तरी चालंल."

कुणीतरी विचारलं, मग लेकरू कुणाकडं?

ईश्वरप्पानं मागं वळून बोळाकडं बघितलं.

"माझ्या अक्काकडं," तो म्हणाला.